तणाला जपानीत काय म्हणतात

३ जुलै

अंगणवाडीतून निवृत्त झाले तेव्हा मला शाल मिळाली, नारळ मिळाला आणि कपाटात उरलेल्या चार कोऱ्या नोंदवह्या मिळाल्या. नोंदवह्या कोणी दिल्या नाहीत, मीच आणल्या. बत्तीस वर्षं रोज काहीतरी लिहायची सवय, ती शाल पांघरून थोडीच जाते. पानावर बालकाचे नाव, वजन, उंची, शेरा असे रकाने छापलेले आहेत. त्यांच्यावरूनच आडवं लिहिते.

आज लिहिण्याजोगं घडलं. भक्ती, म्हणजे माझी सून, जेवताना म्हणाली, "आत्या, मी जपानी शिकायलेय."

मला वाटलं ब्लाऊजचा नवा प्रकार असेल. ती शिवणकाम करते, मागे एकदा प्रिन्सेस का काय ते शिकून आली होती. म्हटलं, शीक बाई. तर ही भाषा निघाली.

"कशाला?"

"तिकडं शेतात कामाला माणसं पाहिजेत म्हणं. पाच सालाचा व्हिसा भेटतो."

आमच्या बोरीत खुरपायला बाई मिळत नाही म्हणून सगळं गाव रडतं, आणि ही जपानची शेती सांभाळायला निघाली. मी विचारलं, "योगीराजला विचारलंस का?" ती उठून तांब्या भरायला गेली. तांब्या भरलेलाच होता.

योगीराज माझा मुलगा. वाळूजला कंपनीत आहे. त्याला सुट्टी मिळत नाही, चार वर्षं झाली. कंपन्यांचं असंच असतं.

८ जुलै

भक्ती सकाळच्या गाडीनं परभणीला जाते. वसमत रोडला खताच्या दुकानावर एक खोली आहे, तिथं वर्ग भरतो. शिकवणारे पंडित सर. तीन वर्षं जपानात कोबी तोडून आले, म्हणून परभणीत त्यांना सर म्हणतात. आमच्या गल्लीतली सगुणाबाई तीस वर्षं लोकांच्या रानात राबते, तिला कोणी सर म्हटलेलं माझ्या ऐकण्यात नाही.

पहिला धडा भाज्यांचा. भक्तीनं घरी येऊन चिठ्ठ्या केल्या आणि सगळ्या स्वयंपाकघरात डकवल्या. भाजी म्हणजे यासाई. पान म्हणजे हाप्पा. पालक म्हणजे होउरेन्सोउ. ते म्हणून होईपर्यंत आमच्याकडे पालक निवडून, धुऊन, चिरून फोडणीत पडलेला असतो.

"आत्या, तुमी बी म्हणा की."

"मला काय करायचंय? मी कुठं जायलेय?"

तिला असं ठणकावून सांगितलं. होउरेन्सोउ. हे मी वहीत लिहिलं ते शुद्धलेखन बघायला.

१५ जुलै

आज रंगांची भानगड. हिरव्याला मिदोरी म्हणतात, इथवर ठीक. पण पालेभाजीला म्हणायचं आओना, आणि आओ म्हणजे निळा. मी म्हटलं, "म्हणजे निळी भाजी?" भक्ती म्हणाली, "हिरव्या सिग्नललाही ते निळाच म्हणतात." इतकी हुशार माणसं, वाऱ्याच्या वेगानं गाड्या पळवतात, पण मेथीचा रंग कोणता हे एकदा बसून ठरवता आलं नाही. परभणीत एक बरं आहे. सिग्नल निळा असो, हिरवा असो की लाल, रिक्षा जातेच.

आणखी ऐका. चार मे या दिवशी तिकडं हिरवाईची सुट्टी असते. सरकारी सुट्टी, झाडांकडे बघायला. मे महिन्यात आमच्याकडे बघायला बाभळी तेवढ्या हिरव्या. त्यांच्याकडे बघायला बाहेर पडलं तर संध्याकाळी सलाईन लावावं लागतं.

कोवळ्या पानाला वाकाबा म्हणतात. गाडी नवीन शिकलेला माणूस गाडीवर वाकाबाचं चित्र चिकटवतो, म्हणजे बाकीचे सांभाळून घेतात. आमच्याकडे नवशिका चालक ओळखायला चित्र लागत नाही, समोरच्या दुकानाचं शटर बघावं.

भक्ती फार हसली. बऱ्याच दिवसांनी हसली म्हणून लिहिलं.

२४ जुलै

पंचमीला ये म्हणून योगीराजला फोन लावला. बाईमाणसानं उचलला. म्हणाली, "ते आंघोळीला गेलेत." मागे लेकरू रडत होतं. मी म्हटलं, आई बोलते, तर फोन कट झाला. कँटीनमधली कोणी असणार. कंपनीत आंघोळीची सोय आहे म्हणजे कंपनी मोठी आहे. पण कामाच्या जागी लेकरं आणायला परवानगी कशी देतात कोण जाणे. आमच्या वेळी अंगणवाडीत एवढी शिस्त होती.

मी हे भक्तीला सांगितलं. तिचं शिलाई मशीन थांबलं, मग पुन्हा चालू झालं.

२ ऑगस्ट

सगुणाबाई आली. आमचं रान तिच्या घरच्यांनी बटईनं केलंय, त्यामुळं तिचं येणं-जाणं असतंच.

"बाई, सून जपानात जायलीय म्हणं."

"जायलीय न्हाई, शिकायलीय."

"आन् तिचे मालक काय म्हणतेत?"

"काय म्हणणार? खुशाल जा म्हणतो. दिवाळीला येतोय, तवा ठरवू सगळं."

सगुणाबाईनं एकदा भक्तीकडे बघितलं, भक्तीनं तिच्याकडे. मग सगुणाबाई एकदम घोळीच्या भाजीवर आली. यंदा कपाशीत घोळ लय माजलीय, उद्या आणून देते म्हणाली. या बाईचं डोकं ठिकाणावर राहत नाही, बोलता बोलता विषय बदलते.

१९ ऑगस्ट

मला बळजबरीनं परीक्षक केलं आहे. मी चिठ्ठी धरायची, भाजीचं मराठी नाव सांगायचं, भक्तीनं जपानी सांगायचं. कोमात्सुना, मिझुना, नेगी. नेगी म्हणजे कांद्याची पात, फक्त हातभर लांब. मित्सुबा म्हणजे तीन पानांची भाजी. शेवंतीची पानंसुद्धा खातात हे लोक. आम्ही देवाला वाहतो, ते फोडणी देतात.

या शेवंतीलाच भक्ती अडली. कपाळावर हात मारत बसली. मी म्हटलं, "शुन्गिकु."

"आत्या, तुमाला येतंय!"

"चिठ्ठीवर दिसतंय की."

"चिठ्ठी उलटी हाय तुमच्या हातात."

डोळ्याचं ऑपरेशन चांगलंच झालं म्हणायचं. ते ऑपरेशनही भक्तीनं जूनमध्ये मागे लागून करवलं. चार खेपा परभणीच्या. थेंब घालायला रोज तीन वेळा उशाशी. तेव्हा मला वाटलं काळजी आहे. आता लक्षात येतं, म्हातारीचे डोळे नीट झाले की हिचा रस्ता मोकळा. मोबाईलवर व्हिडिओ लावायला शिकवते आहे तेही त्यातलंच. गॅसच्या नंबराची चिठ्ठी भिंतीवर डकवली आहे. मराठीत.

मला सोडून जायची एवढी व्यवस्थित तयारी कोणी केलेली मी पाहिली नाही. योगीराज तर नुसती पिशवी घेऊन गेला.

६ सप्टेंबर

आज परीक्षा होती. पेडगावला एका शेतकऱ्याचे वाफे घेतलेले. जपानहून मोरितासान म्हणून बाई आल्या. त्यांची भाज्यांची मोठी शेती आहे, नऊ जणांतून त्यांना चार निवडायचे होते. घरच्यांनी यायला हरकत नाही असं कळलं म्हणून मी गेले. हरकत असती तरी गेले असते.

मोरितासान माझ्याच वयाच्या. टोपी, हातमोजे, आणि बुटांवर धुळीचा कण नाही. पेडगावच्या रानात सप्टेंबरात बुटाला चिखल लागू न देणं ही मोठीच विद्या म्हणायची.

तोंडी परीक्षेत भक्ती पहिली आली. मोरितासान भाजी वर धरत आणि ही सांगे. एकदाही चुकली नाही. मी मनातल्या मनात अगोदरच सांगत होते. दोनदा ओठ हलले असतील, पंडित सरांनी डोळे वटारले.

मग कुसातोरी, म्हणजे खुरपणी. प्रत्येकाला पालकाचा एकेक वाफा. तण उपटून सगळं निळ्या क्रेटमध्ये टाकायचं, अर्ध्या तासात. मला हसूच आलं. खुरपणीत आमच्या भक्तीला कोण हरवणार? बाकीची पोरं-पोरी कॉलेजातली. त्यांनी तणाबरोबर निम्मा पालकही काढला. एक पोरगा तर पायानंच गवत दाबत होता. भक्तीचा हात बघत राहावा असा चालला होता. वीस मिनिटांत वाफा आरशासारखा लख्ख झाला.

ती उठून उभी राहिली आणि माझं लक्ष तिच्या कमरेकडे गेलं.

पँट-शर्टावर तिनं ओढणी घेतली होती. ती कमरेला खोचून तिची ओटी केलेली, आणि ओटी टम्म भरलेली. घोळ. खुरपता खुरपता गवत क्रेटमध्ये आणि घोळ ओटीत. तिला स्वतःला पत्ता नव्हता. हात आपोआप गेला. आमच्या भागात कुठलीही बाई खुरपायला बसली की हेच करते. घोळ दिसली, तांदुळजा दिसला, की ओटीत टाकायचा आणि घरी जाऊन डाळ घालून शिजवायचा. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं.

मोरितासान आल्या. ओटीकडे बोट करून विचारलं, हे काय आहे. भक्ती सरळ म्हणाली, "यासाई देसु." भाजी आहे. मोरितासान म्हणाल्या, "झास्सोउ." तण. आणि हातातल्या कागदावर फुली मारली.

पंडित सर धावले. मागे वाकले, पुढे वाकले, काय काय बोलले. मोरितासाननी सगळं शांतपणे ऐकलं. मग भक्तीच्या ओटीतली एक काडी उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि सांगितलं, हिला सुबेरिहियु म्हणतात. माझी आजी डोंगराकडच्या गावची होती, ती हे वाळवून ठेवायची आणि नव्या वर्षाला शिजवायची. फार छान लागायचं. सरांनी हे मराठीत सांगितल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं. आता फुली खोडणार असं आम्ही समजलो. पण त्यांनी ती काडी क्रेटमध्ये टाकली. मालकाच्या रानातून अंगावर काही न्यायचं नाही, सांगितलेलं सगळं क्रेटमध्ये टाकायचं, हा नियम. आजीची आठवण आणि नियम यांचा त्या बाईंच्या घरी काही संबंध नसावा.

भक्तीची निवड झाली नाही.

मला बरं वाटलं. हे लिहून ठेवते, कारण खोटं लिहायला मी काही पोषण आहाराचा अहवाल भरत नाहीये. गाडीत बसल्यापासून बोरी येईपर्यंत मला मनातून बरं वाटत होतं. घरी आल्यावर तिनं ओटीत तशीच राहिलेल्या त्या घोळीची डाळभाजी केली. दोघींनी खाल्ली. 

७ सप्टेंबर

कालचं बरं वाटणं आज सकाळी उठल्यावर राहिलं नाही.

भक्ती लग्न होऊन आली त्या पावसाळ्यातली गोष्ट. तिचं माहेर जिंतूरचं, वडील शाळेत कारकून, रानाची ओळख नाही. मी तिला खुरपायला नेलं तर तिनं गवताबरोबर घोळही उपटून बांधावर फेकली. आठ बायांसमोर मी तिला म्हटलं, "अन्न फेकतीस? बापाच्या घरी असंच फेकत होतीस का?" बाया हसल्या. नव्या नवरीला बोलायची हौस असते सासूला, मलाही होती. त्या दिवसापासून तिनं एक काडी फेकलेली नाही.

म्हणजे पेडगावात नापास कोणी केलं, तर मी. नऊ वर्षं आधी.

हे तिला सांगावं म्हणून दोनदा तिच्याजवळ जाऊन बसले. दोन्ही वेळा तिनं विचारलं, "आत्या, चहा ठेवू का?" दोन्ही वेळा चहा प्यायले.

११ सप्टेंबर

निवडलेल्यांतल्या एकाच्या आईनं पासपोर्ट लपवून ठेवला आहे. एक जागा रिकामी झाली. मोरितासाननी भक्तीला पुन्हा संधी दिली, ऑक्टोबरात, मोबाईलवर बघून. पंडित सर म्हणाले, नशीब.

त्या आईला मी ओळखत नाही. पण पासपोर्ट लपवायचं माझ्या डोक्यात कसं आलं नाही, याचं आश्चर्य वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली. मग भक्तीला म्हटलं, "उद्यापासून परसात ये. खुरपायला मी शिकवते."

"आत्या, खुरपायला येतं की मला."

"फेकायला येत न्हाई."

१६ सप्टेंबर

परसात पालकाचे दोन वाफे आहेत, घोळ न लावता भरपूर आहे. मी खुर्ची टाकून बसते, हातात कपडे वाळत घालायची काठी. भक्ती खुरपते. घोळ हाताला लागली की तिचा हात कमरेकडे वळतो, मी काठी आपटते. "फेक!" ती टोपल्यात टाकते. पुढच्या झाडाला पुन्हा हात कमरेकडे.

"आत्या, जीव होत न्हाई हो. कवळी लुसलुशीत हाय."

"झास्सोउ हाय. फेक!"

बत्तीस वर्षं मी लेकरांना ताटात काही टाकू नका म्हणून शिकवलं. आता चांगली भाजी उकिरड्यावर टाकायचा वर्ग चालवते आहे.

सगुणाबाई वाटेनं चालली होती, उकिरड्यावरचा ढीग बघून आत आली. "सासू-सुना येड्या झाल्या का काय? दोन घरं जेवतील एवढी भाजी टाकली." मी तिला खुणेनं सांगितलं, भक्तीची पाठ वळू दे, मग भरून ने. आता रोज नेते. जपानमुळं सगुणाबाईचं तरी भलं झालं.

२७ सप्टेंबर

आज एकदाही हात कमरेकडे गेला नाही. सगळा वाफा झाला, सगळी घोळ टोपल्यात. मी काठी बाजूला ठेवली. शाबासकी द्यायला हवी होती. नुसती मान हलवली.

५ ऑक्टोबर

पास झाली. मोबाईलमधून मोरितासान टाळ्या वाजवत होत्या. भक्ती माझ्या पाया पडली. मी म्हटलं, "पुरे, पालक तुडवशील."

९ ऑक्टोबर

आता कागदाचं लफडं. मोरितासानच्या कंपनीची पद्धत अशी की लग्न झालेल्या बाईला नवऱ्याची सही हवी, आणि त्यानं मोबाईलवर येऊन संमती आहे असं तोंडानं सांगायला हवं. नवरा-बायको वेगळे राहत असतील तर घरातल्या मोठ्या माणसानं तसं सांगितलं तरी चालतं.

मी म्हटलं, "मग सोपंय. योगीराज दिवाळीला यायलाय."

पंडित सर फोनवर होते, त्यांनी एक उपाय सुचवला. त्यांचा चुलतभाऊ आश्रुबा दिसायला बरा आहे, त्याला चांगला शर्ट घालून बसवू, जपानी माणसाला काय कळतंय. तीन वर्षं परदेशात राहून हा माणूस हे शिकून आला. भक्तीनं पहिल्यांदाच त्यांना वर आवाजात नाही म्हटलं.

नंतर ती माझ्याजवळ आली. "आत्या, दुसऱ्या पद्धतीनं केलं तर? तुमी सांगितलं तर?"

"मी काय सांगू? तुम्ही वेगळे कुठं राहता? त्याला सुट्टी न्हाई म्हणून राहायलाय तिकडं."

"बरं," म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली. तिचं हे बरं मला अलीकडे सहन होत नाही.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज झाली. योगीराज आला नाही.

लक्ष्मीपूजनाला मीच फोन केला होता, त्यानंच उचलला. सहीचं सांगितलं. म्हणाला, "आई, तिला काय करायचं ते करू दे. मला त्यात घेऊ नको." मी म्हटलं, करंज्या केल्यात, कधी येतोस? तो म्हणाला, बघतो. मागून एक लेकरू "पप्पा, टिकल्या" म्हणून ओरडत होतं.

शेजारच्यांचं असेल.

दिवाळीला शेजारची लेकरं येतातच घरात. आमच्याकडेही येतात. पण ती मला आजी म्हणत नाहीत, बाई म्हणतात.

करंज्या सगळ्या सगुणाबाईकडे दिल्या.

२ नोव्हेंबर

पंडित सरांचा निरोप. परवा शेवटचा व्हिडिओ. नवऱ्याचं काहीतरी ठरवा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाते. मी भक्तीला म्हटलं, मी बसेन, मी सांगते काय ते. तिनं विचारलं नाही, काय सांगणार. मीही सांगितलं नाही, कारण मला माहीत नव्हतं. खरं म्हणजे माहीत होतं. त्याला सुट्टी नाही, त्याची संमती आहे, असं सांगायचं. चार वर्षं तेच सांगते आहे, तयारी करायची गरज नव्हती.

४ नोव्हेंबर

दुपारी तीनला व्हिडिओ लागला. पंडित सर स्वतः बोरीला आले होते, जपानीचं मराठी करायला. मोरितासान पडद्यावर, मागे त्यांचं शेत, ओळीच्या ओळी हिरव्यागार. त्यांच्या हिशेबानं निळ्या. भक्ती माझ्या शेजारी पाठ ताठ करून बसली, दोन्ही हात मांडीवर, वर्गात शिकवलं तसे.

मोरितासाननी विचारलं, हिचे पती कुठे आहेत?

मी म्हटलं, "मुलगा कंपनीत आहे. त्याला सुट्टी..."

आणि मला पुढचं येईना. दूधवाल्याला, पोस्टमनला, ग्रामसेवकाला, हळदीकुंकवाच्या बायांना जे वाक्य झोपेतून उठवलं तरी म्हणता येतं, ते अर्ध्यावर अडलं. मी भक्तीकडे बघितलं. मी काहीही बोलले असते तरी ती मान हलवणार होती. त्याला सुट्टी नाही म्हटलं की ही "हो" म्हणायची, दिवाळीला येणार म्हटलं की ही "हो" म्हणायची. माझ्यासमोर एकदाही तोंड उघडलं नाही. आता हो म्हटली असती तर त्यांनी म्हणायचं, मग नवऱ्यालाच आणा. आणि ही पुन्हा मशीनवर जाऊन बसली असती. माझ्याजवळ, कायमची. मला हवं होतं ते एका वाक्यावर आलं होतं.

मी म्हटलं, "माझ्या मुलानं हिला सोडलं. चार वर्षं झाली. तिकडं त्याचं घर आहे, दुसरी बाई आहे, लेकरू आहे. ते वेगळे राहतात. मी सासू आहे, घरात मोठी मीच. हिला न्या."

पंडित सर माझ्याकडे बघत राहिले. "बाई, हे असंच सांगू?"

"असंच सांगा. साखर घालू नका."

त्यांनी सांगितलं. मोरितासान बराच वेळ काही लिहीत होत्या. मग त्यांनी विचारलं, ही आल्यावर तुमच्याजवळ कोण असेल?

"मी असेन," मी म्हटलं. "डोळे नीट झालेत. व्हिडिओ लावता येतो."

कागदावर माझी सही झाली. सतरा तारखेला मुंबईहून विमान आहे. भक्तीनं माझा हात धरून ठेवला होता तो पंडित सर चहा पिऊन गेले तरी सोडला नाही. शेवटी मीच म्हटलं, दिवेलागणीची वेळ झाली, ऊठ.

पंडित सरांची आत्या आमच्याच गल्लीत राहते, त्यामुळं रात्रीच्या आत सगळ्या बोरीला कळणार हे मी धरूनच होते. सगुणाबाई आली तेव्हा मी ओसरीवर तयार बसले होते.

"कळलं ना? घे बोलून काय बोलायचंय ते."

ती पायरीवर बसली. "आमाला ठावं हुतं, बाई."

"काय ठावं हुतं?"

"योगीराजचं. माझा जावई वाळूजलाच हाय की. पहिल्या सालीच समदं सांगितलं त्यानं. आख्ख्या गल्लीला ठावं हाय."

मला वाटलं हिला फाडून खावं. चार वर्षं मी या बायांसमोर सुट्टी, दिवाळी, ओव्हरटाईम सांगत राहिले, आणि ह्या माना डोलावत होत्या. म्हटलं, "मग बोलली काहून न्हाईस? मज्जा बघत होतीस?"

"तुमच्या सुनेनं हात जोडले हुते. दारोदार फिरली ती तवा. म्हनली, आत्यांना येकदम सोसायचं न्हाई. त्या सोताहून सांगतेल, तवर कुनी काय बोलू नका. दिवाळीला येतो म्हनल्या तर व्हय म्हना. आमी व्हय म्हनलो."

सगुणाबाई गेली. मी इथं वही घेऊन बसले आहे आणि भक्ती आत भाकरी करते आहे, थापण्याचा आवाज येतोय. नवऱ्याचं असं बाहेर आलं तेव्हा ही पोरगी दारोदार फिरली, ती माझ्यासाठी. आणि मी चार महिने लिहीत बसले की ही मला सोडून जायची तयारी करते आहे.

मला हे कळलंय ते तिला माहीत नाही. सतरा तारखेच्या आधी सवडीनं सांगेन, असं आत्ता लिहिणार होते. नको. भाकरी व्हायच्या आत जाऊन सांगते.